बखरीचा श्रोता

परसत्तेखालील जीवनानुभव साहित्यात शोधताना तो कोणाला सांगितला गेला, हा प्रश्न टाळता येत नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर (1817) आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि नागपूरचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती गेला. त्याच्याच सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली. सभासदाची बखरही आज्ञेवरूनच रचली गेली होती. परंतु आज्ञा करणारे राजाराम महाराज त्या कथेचे वारस होते. गुप्त्यांचा श्रोता मात्र जेता होता. रूपबंध तोच राहिला, संबोध्य बदलला.

तुर्कांविरुद्ध लढलेला ग्रीक सेनानी माक्रियान्निस 1829 मध्ये आपल्या आठवणी लिहू लागला. त्यासाठी तो प्रौढ वयात अक्षरे शिकला. त्याचे श्रोते त्याचेच देशबांधव होते. गुप्त्यांना हे स्वातंत्र्य नव्हते.

म्हणूनच त्यांच्या बखरीला केवळ इतिहासाचे साधन मानणे जितके अपुरे, तितकेच तिला लाचार ठरविणेही. जेत्याला उत्तर देताना आपल्या राज्याची कथा सलग सांगणे, एवढीच वाणी पराभूताला उरली होती. तिच्यातील मौनही संहितेचाच भाग मानून वाचले पाहिजे.