‘एकूण सीट’ या रकान्यावर विसंबू नका

विमान वाहतुकीवर संशोधन करायचं ठरवलं की सगळ्यात आधी हाताशी येतो तो विमान कंपनीच्या ताफ्याचा तक्ता. विमानाचा प्रकार, एकूण सीट, क्लासनुसार विभागणी. सगळं नीटनेटकं, थेट एक्सेलमध्ये टाकण्याजोगं. माझा आक्षेप त्यातल्या ‘एकूण सीट’ या रकान्यावर आहे.

बोइंग 777-300ईआर हे एकच मॉडेल घ्या. सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात 264 सीट आहेत: फर्स्ट 4, बिझनेस 48, प्रीमियम इकॉनॉमी 28, इकॉनॉमी 184. एमिरेट्सच्या एका मांडणीत त्याच मॉडेलमध्ये 354 आहेत: फर्स्ट 8, बिझनेस 42, इकॉनॉमी 304. समजा दोन्ही विमानांनी सारखंच इंधन जाळलं. त्याला सीटसंख्येने भागलं, तर सिंगापूरच्या प्रवाशाच्या वाट्याला 34 टक्के जास्त इंधन येतं. निष्कर्ष तयार! पण थांबा.

सगळ्या सीट सारखी जागा खात नाहीत. ब्रिटिश सरकारच्या उत्सर्जन गुणकांत लांब पल्ल्याच्या इकॉनॉमी सीटला 1 धरलं, तर प्रीमियम इकॉनॉमी साधारण 1.6, बिझनेस 2.9 आणि फर्स्ट 4 पट पडते. या हिशोबाने सिंगापूरच्या 264 सीट म्हणजे सुमारे 384 इकॉनॉमी सीट, तर एमिरेट्सच्या 354 म्हणजे सुमारे 458. फरक 34 वरून 19 टक्क्यांवर आला. म्हणजे आधी जी ‘अकार्यक्षमता’ वाटत होती, तिचा बराचसा भाग निव्वळ क्लासच्या विभागणीचा होता.

मग उरलेले 19 टक्के? त्यातला काही भाग इकॉनॉमीच्या आतच दडलाय. सिंगापूर एका रांगेत 3-3-3 अशा नऊ सीट बसवते, एमिरेट्स 3-4-3 अशा दहा. विमानाची रुंदी तीच, अंग चोरून बसायचं ते प्रवाशाने. तक्त्यात मात्र दोन्हीकडे एकच शब्द: ‘इकॉनॉमी’.

थोडक्यात, सीटसंख्या हा विमानाचा गुणधर्म नाही, कंपनीचा निर्णय आहे. तो बदलतोही. एमिरेट्स आता जुन्या 777 मध्ये प्रीमियम इकॉनॉमी बसवतेय. मॉडेल तेच, आकडा वेगळा. एअरबस ए380 चंही तसंच: एमिरेट्सच्या दोन क्लासच्या मांडणीत 615 सीट, सिंगापूरकडे 471.

म्हणून तुमच्या डेटाशीटमध्ये ‘777 = अमुक सीट’ असं कधीच लिहू नका. मांडणी, क्लासनिहाय संख्या, रांगेतली रचना आणि तक्ता पाहिल्याची तारीख, असे चार रकाने वेगळे ठेवा. गुणक वापरलेत तर कुणाचे, तेही लिहा, कारण तेसुद्धा सरासरीच असतात. ‘हा भाजक कुठून आणला?’ हा प्रश्न व्हायवामध्ये हमखास येतो. त्याचं उत्तर ‘कंपनीच्या तक्त्यातून’ एवढंच असेल, तर तुमचा निष्कर्ष विमानाबद्दल आहे की कंपनीच्या तिकीटविक्रीबद्दल, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.