जवळची खूण (ऐच्छिक)

कुठल्याही ऑनलाइन दुकानाचा पत्त्याचा फॉर्म उघडा. घर क्रमांक, इमारतीचं नाव, पुढे लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. रस्ता, भाग, वसाहत, पुन्हा चांदणी. मग सगळ्यात खाली 'जवळची खूण' आणि कंसात 'ऐच्छिक'.

मुकुटबनात हा फॉर्म बरोबर उलटा व्हायला हवा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, तेलंगणाच्या अलीकडे. घराला क्रमांक असतो, पण तो घरपट्टीच्या पावतीवर, आणि पावती बाबांच्या पेटीत. इमारतीचं नाव विचारलं तर आई म्हणते, "घराले कायचं नाव?" खूण मात्र पक्की असते. कुणाच्या तरी घराच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, लिंबाच्या झाडाच्या बाजूला. इथे खूण हाच पत्ता आहे, बाकीचं ऐच्छिक.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि त्यातले बरेचसे दिवस असल्या फॉर्मांवर जातात. कुठल्या रकान्याला चांदणी लावायची हा निर्णय कसा होतो ते मला ठाऊक आहे. टेबलाभोवती चार-पाच जण असतात आणि त्यातले बहुतेक फ्लॅटमध्ये राहत असतात. कुणाचा कट नसतो. पण लिहिणाऱ्यासमोर एक वाचक असतोच, आणि त्या वाचकाच्या दाराला क्रमांक असतो. गेली सात-आठ वर्षं मी घरी वस्तू पाठवतो आहे. तेवढ्यात अर्धा डझन दुकानं वापरून झाली. किंमत, सूट, किती दिवसांत आलं, यावरून त्यांची तुलना सगळेच करतात. मला ती दुकानं मजकूर म्हणून वाचावीशी वाटतात. प्रत्येकाच्या मनातला गिऱ्हाईक कोण आहे, आणि आम्ही त्यात कुठे बसतो?

पिनकोडपासून सुरुवात करावी लागेल. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, सरकारी अधिकारी आणि संस्कृत कवी. सहा आकड्यांचं हे वृत्त कवीनं बांधलेलं आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. देशात एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ते लिहिणारे दहा लिप्यांमध्ये लिहिणार, अक्षर लागणार नाही, म्हणून आकडे. ४४ने सुरू झाला की विदर्भ, ४४५ म्हणजे यवतमाळ, शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. भाषा, लिपी, अक्षर कसंही असो, पत्र पोचावं ही त्यामागची कल्पना.

ऑनलाइन दुकानात तेच सहा आकडे टाकले की आधी एक प्रश्न विचारला जातो, जो पोस्टमननं कधी विचारला नाही. इथे जायचं का? पडद्यामागे पिनकोडांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही. कुठला कुरिअरवाला जातो, किती दिवसांत, पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय ठेवायची की नाही. मी वापरलेल्या एका दुकानात आमच्या पिनकोडला फ्रिज मिळत नव्हता पण फ्रिजचं कव्हर मिळत होतं. दुसऱ्या ठिकाणी पुस्तक पाच दिवसांत यायचं, तिसऱ्या ठिकाणी तेच पुस्तक 'या ठिकाणी उपलब्ध नाही'. वाक्यरचना पाहा. पुस्तक उपलब्ध नाही, असं म्हटलंय. आम्ही येत नाही, असं म्हटलेलं नाही. कर्ता गाळून टाकायचा असेल तर मराठी फार सोयीची भाषा आहे.

रोखीचा मामला याहून टोकदार आहे. फ्लिपकार्टनं २०१०मध्ये माल हातात आल्यावर पैसे घेण्याची सोय सुरू केली, आणि कार्ड नसलेला, कार्डावर भरवसा नसलेला भारत तिथून या बाजारात शिरला. कल्पना जुनीच. टपालखात्याच्या व्ही. पी.नं आमच्या आजोबांच्या पिढीनं पंचांगापासून घड्याळापर्यंत काय काय मागवलं होतं. पण व्ही. पी. परत गेली तर त्याचा ठपका मागवणाऱ्यावर. आता परत गेलेल्या पार्सलांचा हिशोब पिनकोडवार ठेवता येतो, आणि ज्या पिनकोडवरून जास्त परत येतात तिथे रोखीची सोय बंद करणं ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे. म्हणजे तिसऱ्याच गल्लीतल्या कुणी चार ड्रेस परत पाठवले की माझ्या आईला आगाऊ पैसे भरावे लागतात. गावातला किराणावाला उधारीच्या वहीत माणसाचं नाव लिहितो. इथे अख्ख्या गावाचं एकच पान आहे.

हे लिहिताना गावच्या दुकानाबद्दल गहिवर काढायचा मोह होतो. तो आवरायला हवा. किराणावाल्याच्या वहीत माणसाचं नाव असतं तसं त्याच्या बापाचं, जातीचं आणि मागच्या तीन पिढ्यांचंही असतं. काही दुकानांत आमच्या आजीला पैसे हातात न घेता खाली ठेवायला सांगत, हे मी तिच्याकडूनच ऐकलं आहे. कापड दुकानात बहिणीनं काय घेतलं हे संध्याकाळपर्यंत चौकात कळायचं. आता ते खाकी खोक्यातून येतं आणि आत काय आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. ज्या दुकानाला आपली ओळख नाही त्याची ती बेफिकिरी आमच्यासारख्यांना पहिल्यांदा मोकळीक म्हणून भेटली. त्याच बेफिकिरीनं पुढे आम्हाला एका पिनकोडात गुंडाळलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचा हिशोब जुळवता येत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत फरक सगळ्यात ठळक दिसतो. आमच्या घरी पुस्तकं वर्षातून एकदा यायची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून. नागपूरला त्या दोन-तीन दिवसांत पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात, तेवढे मी पुण्यात एका जागी क्वचित पाहिले. बाबा पिशवी भरून आणत आणि ती वर्षभर पुरवायची. त्या स्टॉलवरची मांडणी हीसुद्धा एक शिफारसच असते. बाबासाहेबांच्या शेजारी फुले, त्यांच्या शेजारी एखाद्या तालुक्याच्या कवीचं स्वखर्चानं काढलेलं पुस्तक, आणि विकणारा माणूस ते वाचलेला.

मोठ्या दुकानात शोधपट्टी असते. तिथे बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' शोधून पाहा. १९६३चा संग्रह, मराठी कथेचा रोख बदलणारा. मी देवनागरीत टाईप केलं तेव्हा एका दुकानानं मोबाइलची कव्हरं दाखवली. रोमन लिपीत टाकायचं तर 'जात'मध्ये ए एक की दोन, 'चोरली'च्या मधे ए आहे की नाही, 'जेव्हा'तला एच कुठे बसतो, हे विक्रेत्यानं पुस्तक चढवताना जसं लिहिलं असेल तसं आपल्याला सुचायला हवं. अंदाज जुळला की पुस्तक सापडतं. हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. देवनागरी आणि रोमन रूपं एकमेकांशी जोडून ठेवणं ही आमच्या धंद्यातली फार अवघड गोष्ट नाही. जिथे ते केलेलं नाही तिथे एवढंच समजायचं, की त्या टेबलाभोवती बागुल शोधणारं कुणी बसलेलं नव्हतं.

राज्य शासनानं १९७९पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड एका ठिकाणी छापील किमतीच्या चौपट भावानं लावलेले पाहिले. विक्रेता कुणीतरी तिऱ्हाईत, दुकान म्हणणार आम्ही फक्त जागा देतो. वर पट्टी होती, 'फक्त १ शिल्लक'. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हाही एकच शिल्लक होता. असल्या खोट्या घाईला ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय नियमावलीनं फसव्या रचनांच्या यादीत घातलं आहे. यादीत असे तेरा प्रकार आहेत, आणि मला ती अलंकारशास्त्रासारखी वाटली. नकार देणाऱ्याला लाजवणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, भाव थेंबाथेंबानं वाढवत नेणं... जणू मम्मटाच्या वारसांनी बाजारात नोकरी धरली आहे.

याउलट फक्त मराठी पुस्तकं विकणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळाचा अनुभव. दिसायला जुनाट, पानं हळू उघडतात, पैसे भरताना दोनदा अडकलं. पण देवनागरीत शोधलं की मिळतं, अनुवादकाचं नाव असतं, आणि एकदा तिथून फोन आला, "तुम्ही मागवलेली आवृत्ती संपली, जुनी एक प्रत आहे, कोपरा दुमडलेला आहे, चालेल का?" त्या फोनमध्ये दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवाल्याचा आवाज होता. अर्थात फ्रिज तिथे मिळत नाही.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर २०२०ची आठवण काढायला हवी. त्या वर्षी मनसेनं ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे मराठीची मागणी लावून धरली, डिसेंबरात पुण्या-मुंबईत तोडफोडही झाली. पुढे मराठी आली, ॲमेझॉनवर सप्टेंबर २०२१मध्ये. तोडफोडीचं समर्थन मला करायचं नाही. पण ही मागणी चुकीची होती असं म्हणणाऱ्यांनी माझ्या आईला इंग्रजी ॲपवर माल परत करताना पाहायला हवं होतं. प्रश्न आहे तो आलेल्या मराठीचा. ती बटणांची मराठी आहे. दर्शनी भाग रंगवलेला, आत शिरलं की मालाचं वर्णन यंत्रानं उलथं केलेलं, आणि तक्रारीपर्यंत पोचलात की भाषा पुन्हा इंग्रजी किंवा हिंदी. पैसे देताना मराठी, मागताना परकी. आणि ही मराठीसुद्धा पुण्याची. आमच्या तालुक्यात वऱ्हाडी आहे, गोंडी आणि कोलामी आहे, बाजारात तेलुगू आहे. सगळं ॲपमध्ये यावं असं माझं म्हणणं नाही. फोटो आणि आवाजावर चालणारी दुकानं आमच्याकडे लवकर रुळली, यामागे हे एक कारण असावं इतकंच.

हे सगळे भाषांतरित, गाळीव व्यवहार एका फोनवर येऊन मिटतात. "भाऊ, वणीवरून बोलून राहिलो. पार्सल हाय तुमचं. कोठीसा याचं?" मग खूण सांगितली जाते. पार्सल पोचवणाऱ्या पोरांच्या हातातल्या खोक्यांवर मी छापील पत्त्यावर बॉलपेननं लिहिलेलं पाहिलं आहे, 'गिरणी', 'मास्तर', 'बोअरिंग'. कंपनीच्या तक्त्यात नसलेला पत्ता त्या पोराच्या डोक्यात असतो. त्यानं नोकरी सोडली की पुढचे दोन महिने आम्ही पुन्हा अज्ञात.

एक शब्द राहिला. मराठी ॲपांमध्ये गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाला 'समीक्षा' म्हणतात. तुपाच्या डब्याखाली समीक्षा, कुकरखाली समीक्षा. हा शब्द वाचणाऱ्या मंडळींना हसू येईल, पण मला त्याचा राग नाही. बनावट अभिप्रायांचा सुळसुळाट एवढा, की २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोला त्यासाठी वेगळं मानक काढावं लागलं. 'खूप छान', 'मस्त प्रॉडक्ट', पाच तारे. (मराठी पुस्तकांची परीक्षणं मी वाचतो. तीही पुष्कळदा एवढीच असतात.) पण मधेच कुणीतरी लिहितं, 'दोन धुण्यात रंग गेला, माप सांगितलं त्याहून एक बोट कमी', आणि वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते.

मागच्या उन्हाळ्यात आईनं एका साडीवर लिहिलं. तिनं फोनला सांगितलं, फोननं टाईप केलं, मी काही दुरुस्त केलं नाही. "काठ चांगला हाय. फोटोतल्यावानी लाल नाई, विटकरी हाय. पदर आखूड पडते. ठेंगण्या बाईनं घ्यावं, उंच बाईनं घेऊ नये." तीन तारे. खाली आकडा आहे, सतरा जणांना ही समीक्षा उपयुक्त वाटली.