‘पाणी दिले’ : एका क्रियापदाची तपासणी

धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’त (१९१५) मुरुड फंडाची हकिगत येते. गावाच्या कामासाठी गावाशी नाते असलेल्यांचीच वर्गणी; देणारा आणि घेणारा वेगळा नाही. आजच्या नळयोजनांचे फलक मी या मजकुराशेजारी ठेवून वाचतो. ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून’ हा त्यांचा ठरलेला मायना. इथे देणारा एक, घेणारे आपण.

कायद्याची भाषा मात्र फलकासारखी नाही. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात पाणीपुरवठा हे पंचायतीचे कर्तव्य आहे. २०१९च्या जलजीवन मिशनमध्ये पाणी समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. गावातील कामाच्या खर्चात ५ किंवा १० टक्के लोकवाटा आहे. कागदावर गाव मालक, फलकावर याचक.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जांभ्यातून तो झिरपून जातो आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. टँकर आधी कुठल्या वाडीत, पाइप कुठवर, हे तेव्हा ठरते. वाडीचे मत आणि वाडीचा नळ यांची गाठ इथेच बसते. हक्काला उपकार म्हटले की हिशेब मागणारा कृतघ्न ठरतो. म्हणून माझा आक्षेप आधी ‘दिले’ या क्रियापदाला आहे.