खांडेकरांचं १९३८ साल

मंडळी, लेखकाच्या वर्षाचा हिशेब करताना आपण पुस्तकं मोजतो. भाऊसाहेब खांडेकरांचं १९३८ घ्या. शिरोड्याची अठरा वर्षांची मास्तरकी सोडून ते कोल्हापुरात आले. ‘हिरवा चाफा’, ‘दोन मने’ या कादंबऱ्या आणि मास्टर विनायकांचा ‘ज्वाला’ चित्रपट, सगळं त्याच साली. मोजणारा खूश!

पण प्रकार बदलला म्हणून आवाज बदलला का? कादंबरीतली त्यांची माणसं ऐन दुःखात सुभाषितं बोलतात. शाळा सुटली, फळा सुटला नाही. तरुणपणी हे बोलून मी टाळ्या घेतल्यात.

एक गोष्ट मात्र तेव्हा मी पाहिलीच नाही. १९४२ च्या ‘क्रौंचवध’नंतर दहा वर्षांहून जास्त काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. कथा, रूपककथा, निबंध चालूच होते. म्हणजे हात थांबला नव्हता. मग कादंबरीच का थांबली? प्रस्तावनांतून हा माणूस आपल्याच लेखनाकडे सारखा मागे वळून बघायचा. मला वाटतं, त्याला स्वतःचा तो आवाज ऐकू आला असावा. १९५९ च्या ‘ययाति’त देवयानी, शर्मिष्ठा, ययाति आपापल्या तोंडानं बोलतात. सुभाषितं तिथंही आहेत हो, पण आता ती त्या त्या माणसाची आहेत. ययातीच्या तोंडी तर ती चक्क पळवाट होतात.