टीपी कोणाच्या हातात? डीव्हीडीचं कुलूप आणि आपला कायदा

मंडळी, विषय ऐकायला तांत्रिक आहे. रीतसर विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी लिनक्सवर का चालत नाही, आणि ती चालवली तर गुन्हा होतो का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला यातली मेख लवकर कळेल, कारण टीपी म्हणजे काय हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो वाहून न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात राहिला. म्हणजे मालकी कागदावर आणि चावी दुसऱ्याकडे. २७ एप्रिल २०११ ला टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे त्या हक्काला अर्थ आला.

आता डीव्हीडीकडे या. तिच्यावर सीएसएस नावाचं कुलूप असतं, १९९६ च्या सुमाराचं. चावी फक्त ४० बिटांची. प्लेअर बनवणाऱ्या कंपनीने परवाना घ्यायचा, पैसे भरायचे आणि मिळालेली चावी गुप्त ठेवायची. इथेच मुक्त सॉफ्टवेअरची अडचण होते. ज्याचा कोड कोणीही उघडून वाचू शकतो, त्याच्या पोटात गुपित ठेवणार कसं? म्हणजे लिनक्सवाल्याने पैसे द्यायची तयारी दाखवली तरी त्या अटी त्याला पाळता येत नाहीत.

बरं, या कुलपाने चोरी थांबते का? नाही. कारखान्यात डिस्क जशीच्या तशी छापणाऱ्याला कुलूप उघडावंच लागत नाही. तो कुलपासकट नक्कल काढतो आणि ती कुठल्याही प्लेअरवर चालते. अडतो तो घरी बसून बघणारा. त्यात प्रदेशाची भानगड वेगळीच. भारत प्रदेश ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये. तिकडच्या भाच्याने पाठवलेली डिस्क इथल्या ड्राइव्हला सहसा चालत नाही, आणि ड्राइव्हचा प्रदेश फार तर पाच वेळा बदलता येतो. एकाच कुटुंबात सिनेमाची सरहद्द!

१९९९ मध्ये हे कुलूप उघडलं. नॉर्वेच्या योन योहान्सेनचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. तेव्हा तो १५ वर्षांचा होता. खटला झाला. २००३ मध्ये तो आधी खालच्या कोर्टात आणि मग अपिलातही निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघणं ही घरफोडी नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी दिली. उबुंटू ती सोबत देत नाही. नंतर नेटवरून उतरवावी लागते. आता भामरागड-एटापल्लीकडे बघा. जिथे नेटचा भरवसा नाही तिथेच डिस्क खरी उपयोगाची, आणि तीच चालवायला आधी नेट हवं!

आपला कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच मुळात गुन्हा, सवलती मोजक्या. त्या मानाने आपला कायदा शहाणा आहे, हे मोकळेपणाने मान्य करू.

माझी तक्रार पुढच्या परंतुकावर आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत केली, तर मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची. आता वडसा-आरमोरीतला संगणक दुरुस्त करणारा पोरगा डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईकाला सिनेमा दिसावा म्हणून त्याने वही घालायची? एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने नाक्यावर रजिस्टर ठेवलं. ज्या कामाला मनाई नाही, त्याची हजेरी कशासाठी?

चिठ्ठी आलीय : ‘मग निर्मात्याने जगायचं कसं?’ प्रश्न रास्त आहे. बांबू आणि सिनेमा एक नव्हेत, हेही खरं. डिस्क घेतली म्हणून सिनेमा आपल्या मालकीचा होत नाही. प्रती काढून विकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण ती शिक्षा मूळ कायद्यात आहेच. २००७ मध्ये मोझर बेअरने ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, ती नकली मालाशी किमतीत टक्कर द्यायला. निर्मात्याला तारायचं तर हा रस्ता आहे, प्रेक्षकाला अडवण्याचा नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. ६५अ मधली नोंदवहीची अट काढा. वाचनालयांना आणि शाळांना जुन्या डिस्क टिकवण्यासाठी कुलूप उघडायची स्पष्ट मुभा लिहून द्या. डिस्क कुजतात, ड्राइव्ह बाजारातून जातात. मुभा मिळेपर्यंत उघडायला काही उरलं पाहिजे ना?