टक्के कशाचे?

'पाण्यात भुकटी टाका, उन्हात ठेवा आणि इंधन मिळवा' अशा थाटाचे लेख अधूनमधून आपल्या वाचनात येतात. भुकटी बहुधा एखाद्या धातूच्या ऑक्साइडची असते आणि इंधन म्हणजे हायड्रोजन. ही कल्पना खोटी नाही. जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासून हे संशोधन चालू आहे. आमची तक्रार संशोधनाबद्दल नाही. ते विद्यार्थ्यांपुढे ज्या रीतीने मांडले जाते, त्याबद्दल आहे.

पहिली अडचण टक्क्यांची. अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर ९६ टक्के कार्यक्षमता मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ते खरेच आहे. पण हे ९६ टक्के ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशातील फोटॉनांपैकी आहेत. या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा ३९० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगांतच, म्हणजे अतिनील प्रकाशात असते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के! म्हणूनच याच जातीचा उत्प्रेरक वापरून १०० चौरस मीटरची मांडणी उघड्यावर चालवली, तेव्हा सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये आली (२०२१). दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, छेद मात्र वेगळे. पहिला आकडा छापून छेद गाळणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

हा हिशोब फैजपूरच्या एखाद्या वर्गात फळ्यावर करून पाहू. १०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक गुंठा; केळीच्या बागांच्या या मुलखात ते क्षेत्र मुलांना समजावून सांगावे लागत नाही. दर चौरस मीटरला दिवसाकाठी ५ युनिट ऊन धरले, तर गुंठ्यावर ५०० युनिट ऊर्जा पडते. सर्वोत्तम ०.७६ टक्के दिवसभर टिकले असे मानले, तरी हाती येतात ३.८ युनिट, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम हायड्रोजन. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. तेवढी जमवायला दीड महिना लागेल! त्याच गुंठ्यावर १८ टक्के कार्यक्षमतेची सौर तावदाने बसवली, तर ९० युनिट वीज मिळेल. विजेने पाण्याचे विघटन करायला किलोमागे ५० युनिट धरले, तरी १.८ किलो हायड्रोजन होईल, म्हणजे सुमारे पंधरापट. ही तुलना लेखांत क्वचितच आढळते. भुकटीच्या बाजूने सांगण्यासारखे आहे ते तिच्या साधेपणाचे: तावदाने, तारा, विद्युत्‌घट यांची यंत्रणा लागत नाही. पण त्या साधेपणाची किंमत सांगायला हवी.

'आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, मग हायड्रोजन भरपूर निघेल' असे खानदेशातला विद्यार्थी म्हणेल. त्याला इथेच थांबवावे. पारा हवेचे तापमान सांगतो; एकेका फोटॉनची ऊर्जा त्याने वाढत नाही. पाण्याची चिंताही या हिशोबात नको, कारण ११५ ग्रॅम हायड्रोजनला एक लिटरभर पाणी पुरते.

दुसरी अडचण 'कशापासून?' ही. अनेक प्रयोगांत पाण्यात मिथेनॉलसारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो ऑक्सिजन बनण्याची अवघड पायरी टाळतो आणि स्वतः खर्ची पडतो. मग वायू निघाला, तरी त्याला पाण्याचे विघटन म्हणता येणार नाही. त्याची खूण सोपी आहे: हायड्रोजनच्या निम्मा ऑक्सिजन निघाला का, ते पाहावे. पुण्याच्या सी-मेट संस्थेतील डॉ. भरत काळे यांच्या गटाने हायड्रोजन सल्फाइड या घातक वायूपासून प्रकाशाच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्यावर काम केले आहे. तेल शुद्धीकरणातून निघणाऱ्या या वायूचा असा उपयोग मोलाचा आहे. पण तो 'पाण्यापासून इंधन' या मथळ्याखाली घालू नये.

तिसरी अडचण टिकाऊपणाची. कॅडमियम सल्फाइडसारखी सल्फाइडे दृश्य प्रकाशही शोषतात, पण पाण्यात प्रकाश पडताच स्वतःच झिजू लागतात. ऑक्साइडे टिकतात, पण बहुतेकांना अतिनील प्रकाश हवा. दृश्य प्रकाशात चालणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे ऑक्साइड हवे, ही खरी शोधाची दिशा आहे. लेखात ती आली, तर विद्यार्थ्याला करण्याजोगे काम दिसते. नुसता चमत्कार सांगितला, तर टाळ्या वाजवण्यापलीकडे त्याला काही उरत नाही.

हे काटेकोरपण कशासाठी? पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून पुन्हा इंधन करायचे, तर मोलमागे किमान २३७ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून घालावी लागते. हे ज्या मुलाला वर्गात नीट कळले नाही, तो उद्या 'पाण्यावर चालणारी मोटार' विकणाऱ्याला पैसे देईल. तेव्हा असे कात्रण फलकावर लावताना खाली तीन प्रश्न लिहावेत: टक्के कशाचे? हायड्रोजन कशापासून? किती दिवस? उत्तरे कात्रणातूनच मुलांनी शोधावीत, आणि जे सापडणार नाही ती जागा कोरी ठेवावी.