तीन ‘क’ आणि एक वर्ष

डिसेंबर आला की वर्षातले सर्वोत्तम मराठी चित्रपट कोणते, यावर रसिकांत जुंपते. नावं वरखाली होतात, पण निकष कुणी सांगत नाही. आपल्या चित्रपटचर्चेचं दुखणं तिथं आहे. २०१५ सालावरून ते नीट कळतं. त्या वर्षी ‘कोर्ट’, ‘किल्ला’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे तीन वेगळ्या जातकुळीचे चित्रपट प्रदर्शित झाले.

पहिला घोळ सालाचाच. राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो २०१४ साठी, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात. प्रेक्षकांना हे चित्रपट दिसले २०१५च्या एप्रिल आणि जूनमध्ये.

दुसरा प्रश्न, दिसले कुणाला? वसई तालुक्यातल्या निर्मळ गावच्या माणसाला सिनेमा पाहायचा तर नालासोपारा, वसई नाहीतर विरार गाठावं लागतं. तिथे एकच खेळ आणि तोही आडवेळी असला, की नोकरदाराच्या यादीतून तो चित्रपट आपोआप बाद. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ द्यावी, असा निर्णय राज्य सरकारने त्याच एप्रिलमध्ये जाहीर केला, तो उगाच नव्हे. त्यामुळे रसिकांची यादी बरेचदा गुणवत्तेआधी वितरणाचाच हिशेब मांडते.

आता चित्रपटांकडे. सुबोध भावे यांच्या ‘कट्यार’ने नाट्यसंगीत नव्या पिढीच्या कानापर्यंत नेलं, महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाणी बाजूला ठेवली तर मात्र खाँसाहेब आणि पंडितजी या दोन गायकांचा संघर्ष ठळक रंगांत रंगवलेला आणि नाटकीच राहतो. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. त्याचं एकटेपण बोलण्यातून कमी आणि पाऊस, समुद्र, किल्ल्याच्या भिंती यांतून अधिक पोचतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब, स्थिर उभा असतो. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवतात, दालन काळोखात बुडतं. तरी चित्रपट संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. ज्यांच्यावर खटला चालू आहे त्या लोकशाहीर नारायण कांबळेंचं काय झालं, हे कोडं प्रेक्षकाच्या गळ्यात पडतं. सरकारी वकील बाईंना घरी स्वयंपाक करताना दाखवून दिग्दर्शक त्यांना खलनायिका होऊ देत नाही. यंत्रणा साध्यासुध्या माणसांच्या हातून चालते आणि म्हणूनच भीती वाटते.

माझा क्रम ‘कोर्ट’, ‘किल्ला’, ‘कट्यार’. निकष एकच: चित्रपटाच्या भाषेतच सांगता येईल असं त्याने काय सांगितलं? संगीताचा आनंद हा निकष धरला तर ‘कट्यार’ पहिली येईल, आणि ती यादीही तितकीच प्रामाणिक असेल. यंदा यादी कराल तेव्हा शेजारी दोन ओळी जरूर लिहा: निकष कोणता, आणि कोणते चित्रपट पाहायचे राहिले.